ताईला वर्ज्य, भावाला गरजेचा: एका घरातल्या शेंगदाण्याचं प्रकरण

अन्नाची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाच्या घरात पहिला नियम बहुतेक वेळा एका रात्रीत ठरतो: तो पदार्थ यापुढे या घरात येणार नाही. नियम सरळ आहे, सगळ्यांना समजतो, आणि त्या मुलाला वाचवतोही. अडचण येते ती त्याच घरात दुसरं बाळ जन्मल्यावर. पहिल्याला जपणारा नियम दुसऱ्याला जसाच्या तसा लावला तर दुसऱ्याचं नुकसान होऊ शकतं, हे गेल्या काही वर्षांतल्या संशोधनातून पुरेसं स्पष्ट झालं आहे. पण ते वाचून पटणं वेगळं, आणि जिच्या मांडीवर एकदा मूल निपचित पडलं होतं त्या आईला ते पचणं वेगळं. या कुटुंबासोबत डॉक्टर म्हणून काम करताना माझा बहुतेक वेळ याच एका गोष्टीवर गेला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घर आणि आधीचा इतिहास

घरात आई, बाबा, बाबांची आई, चार वर्षांची मुलगी आणि पाच महिन्यांचा मुलगा. मुलगी चौदा महिन्यांची असताना कुणाच्या तरी ताटलीतला शेंगदाण्याचा घास तिच्या तोंडात गेला. दहाएक मिनिटांत ओठ सुजले, अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या, खोकला सुरू झाला, दोन उलट्या झाल्या आणि पोर मलूल होऊन मान टाकू लागली. दवाखान्यात ॲड्रेनालिनचं इंजेक्शन मिळालं आणि ती सावरली. पुढे तपासण्यांत शेंगदाण्याची ॲलर्जी पक्की झाली. अंड्याचीही निघाली, पण ती सौम्य होती: अर्धवट शिजलेलं अंडं खाल्लं की तोंडाभोवती पुरळ यायचं, केकमध्ये भाजलं गेलेलं मात्र चालायचं. अंड्याची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत असं होतं. जास्त वेळ भट्टीच्या उष्णतेत राहिलं की अंड्यातल्या प्रथिनांचा आकार बिघडतो आणि शरीराला ती पूर्वीसारखी ओळखू येत नाहीत.

त्या दिवसापासून शेंगदाणा घराबाहेर गेला. त्यासोबत सगळी जबाबदारी आईकडे आली, हे मात्र कुणी ठरवून केलं नव्हतं. पाकिटावरचे घटक आई वाचायची, बालवाडीच्या बाईंशी आई बोलायची, कुठल्या वाढदिवसाला जायचं आणि कुठल्या नाही हे आई ठरवायची. ॲड्रेनालिनचे दोन पेन (मांडीवर दाबून द्यायची तयार इंजेक्शनं) असलेली छोटी पिशवी कुठे आहे हे तिलाच माहीत असायचं. बाबा घराबाहेर पडताना "पिशवी घेतलीस ना?" एवढं विचारायचे. आजी तर नातीला काही भरवायलाच घाबरायच्या. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, "मी तिला पाणीसुद्धा सुनेला विचारून देते." या वाक्यात नातीवरची माया होती, पण ती एकटी आजीजवळ असताना काही झालं तर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. ते माझ्या मनात तेव्हापासून टोचत राहिलं.

ते माझ्याकडे आले मात्र धाकट्यासाठी.

धाकट्याचा अहवाल

बाळाला दुसऱ्या महिन्यापासून इसब होता. आधी गाल, मग कोपरांचे आणि गुडघ्यांचे सांधे. आम्ही पाहिलं तेव्हा पोटावरची कातडीही लाल आणि खरखरीत झाली होती, आणि रात्री तो डोकं गादीवर घासून घासून रडायचा. आईबाबांनी घाबरून आधीच एका ठिकाणी 'सगळ्या ॲलर्जींची' रक्ततपासणी करून घेतली होती. त्यात शेंगदाणा, अंडं आणि गाईचं दूध या तिन्हींसमोर आकडे वाढलेले होते, फार नाही, पण अहवालात ते ठळक अक्षरांत छापले होते. घराने त्याच दिवशी तिन्ही पदार्थ बाळासाठी कायमचे बंद करायचं ठरवलं.

यातली दुधाची गोष्ट बघा. आईचं दूध पुरत नसल्याने बाळ तीन महिने गाईच्या दुधापासून बनलेली पावडर घेत होतं. त्यामुळे कधी गांध उठली नाही, उलटी झाली नाही, जुलाब नाहीत. म्हणजे दूध त्याला चालत होतं याचा रोजचा पुरावा घरात होता, आणि एका कागदामुळे ते बंद झालं होतं. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं (ॲलर्जीत ज्यांचा हात असतो ती) सापडली तर शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे एवढंच कळतं. तो खाल्ल्यावर त्रास होईलच असं त्यातून ठरत नाही. इसब असलेल्या बाळांच्या रक्तात असे वाढलेले आकडे बऱ्याचदा दिसतात. शिवाय चालत असलेला पदार्थ अशा बाळाच्या आहारातून काढून टाकला आणि काही महिन्यांनी पुन्हा दिला, तर तेव्हा खरोखर तीव्र त्रास झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून दुधाची पावडर त्याच दिवशी पुन्हा सुरू करायला सांगितली. पहिल्या भेटीतला एवढाच निर्णय विनावाद झाला.

भावंडांबद्दलचा एक अभ्यास मी त्यांना सांगितला. ॲलर्जी असलेल्या मुलांच्या भावंडांची तपासणी केली तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक भावंडांत, ५३ टक्क्यांत, तपासणीचे आकडे वाढलेले होते पण खाल्ल्यावर काहीच होत नव्हतं. खरी ॲलर्जी होती ती १३.६ टक्क्यांना. बाबांनी हे आकडे फोनमध्ये टिपून घेतले. आई म्हणाली, "तेरा म्हणजे कमी नाहीत." तिचं बरोबर होतं. म्हणूनच कागदावर न थांबता पुढची पायरी नीट घ्यायला हवी होती.

सल्ला उलटला कसा

आईचा विरोध समजून घ्यायचा तर मागे जावं लागतं. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं होतं की ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त आहे त्यांना दूध एक वर्षापर्यंत, अंडं दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणा, सुकामेवा, मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत. त्यामागे भक्कम पुरावा नव्हता, आणि २००८ साली त्याच संघटनेने तो सल्ला मागे घेतला. पण घराघरांत रुजलेला सल्ला असा पत्रक काढून मागे घेता येत नाही. या आईने मोठीच्या वेळी तोच ऐकला होता आणि निष्ठेने पाळला होता.

त्याच २००८ साली एक तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के होती, तर इस्राएलमधल्या ज्यू मुलांत ०.१७ टक्के. इस्राएलमधली बाळं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ खात होती, ब्रिटनमधली जवळपास नाहीच. याच निरीक्षणावरून लंडनमध्ये गिडिअन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लीप' नावाची चाचणी उभी केली. तीव्र इसब, अंड्याची ॲलर्जी किंवा दोन्ही असलेली चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं त्यांनी घेतली. अर्ध्यांना शेंगदाणा पूर्ण वर्ज्य, अर्ध्यांना आठवड्यातून किमान तीन वेळा मिळून सहा ग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन. मुलं पाच वर्षांची झाल्यावर, २०१५ साली, निष्कर्ष आले. सुरुवातीची त्वचेची तपासणी (कातडीवर पदार्थाचा थेंब ठेवून हलकं टोचायचं आणि गांध उठते का ते पाहायचं) ज्यांची कोरी होती त्या बाळांत टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. ज्यांना सुरुवातीलाच छोटी गांध उठली होती त्यांच्यात ३५.३ विरुद्ध १०.६.

हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी तिला वेळेवर दिला असता तर तिला झालंच नसतं?"

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये असं मला वाटतं. 'तुमचा काही दोष नाही' हे खरं असलं तरी तेवढ्याने आईचं समाधान होत नाही, तिला कारण हवं असतं. मी तिला चाचणीतलाच एक तपशील सांगितला. त्या चाचणीसाठी आलेल्या बाळांपैकी ७६ जणांना त्वचेच्या तपासणीत चार मिलिमीटरपेक्षा मोठी गांध उठली, म्हणून त्यांना घेतलंच नाही. ती बाळंही अकरा महिन्यांच्या आतलीच होती. म्हणजे काहींच्या बाबतीत गाडी इतक्या लवकर पुढे गेलेली असते. आणि खाणाऱ्या गटातही काहींना ॲलर्जी झालीच. मोठी कुठल्या गटात पडली असती हे आता कुणालाच सांगता येणार नाही. धाकट्याच्या बाबतीत मात्र अजून वेळ होती.

त्वचा आधी, घास नंतर

शेंगदाणा देण्याआधी इसब आटोक्यात आणायचा होता. लॅक यांची जी मांडणी आज बहुतेक तज्ज्ञ मानतात ती अशी: अन्नातलं प्रथिन तोंडावाटे पोटात गेलं तर शरीर ते आपलं म्हणून स्वीकारायला शिकतं, पण तेच फुटलेल्या, खाजवलेल्या कातडीतून आत शिरलं तर शरीर त्याला शत्रू समजतं. शेंगदाण्याचं तेल असलेली क्रीम ज्या बाळांच्या सुजलेल्या त्वचेला लावली गेली त्यांच्यात ही ॲलर्जी जास्त आढळल्याचं २००३ सालीच दिसलं होतं. म्हणून बाळाच्या अंगाला जे जे लागत होतं त्या प्रत्येक बाटलीवरचे घटक आम्ही वाचले आणि दोन बाटल्या बाजूला ठेवल्या. रोज दोनदा सढळ हाताने साधं मलम, आणि लाल चट्ट्यांवर स्टेरॉइडचं मलम, चट्टा जाईपर्यंत. स्टेरॉइड म्हटल्यावर घरच्यांनी ते जेमतेम पुसल्यासारखं लावायला सुरुवात केली होती. आजींच्या बोटावर किती घ्यायचं ते प्रत्यक्ष काढून दाखवलं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची एक रेघ, आणि तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला. दोन आठवड्यांत बाळ रात्री झोपू लागलं. घरातल्या सगळ्यांचाच सूर त्यानंतर बदलला. झोप न झालेल्या आईवडिलांकडून धाडसाची अपेक्षा करणं मला कधीच योग्य वाटलेलं नाही.

मग त्वचेची तपासणी झाली. शेंगदाण्याच्या थेंबाखाली दोन मिलिमीटरची गांध उठली. इतका तीव्र इसब असलेल्या बाळाला पहिला घास घरी देऊ नये, म्हणून तो दवाखान्यात, सगळी तयारी जवळ ठेवून दिला.

पीनट बटर कोमट पाण्यात पातळ केलं. आख्खा दाणा किंवा घट्ट गोळा या वयात द्यायचा नाही, तो घशात अडकतो. पहिल्यांदा चमच्याच्या टोकाला लागेल तेवढंच. बाळ बाबांच्या मांडीवर होतं. आई समोर बसली होती आणि बाळाच्या ओठांवरून तिची नजर हटत नव्हती. त्याने चाटलं, तोंड वाकडं केलं, मग चमच्यालाच हात घातला. थोडं थांबून पुढचा घास, पुन्हा थांबून पुढचा, असं करत दोन ग्रॅम प्रथिन पोटात गेलं. हनुवटीवर सांडलं तिथे दोन लाल ठिपके आले आणि आई उठून उभी राहिली. ठिपके पुसले, ते वाढले नाहीत, अर्ध्या तासात गेले. लाळ आणि चिकट अन्न लागून इसबाच्या कातडीवर असं येतं. म्हणून पुढे भरवण्याआधी तोंडाभोवती मलमाचा थर लावायचा असं ठरलं. दोन तास थांबून ते घरी गेले.

मग खरं काम सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, निदान काही वर्षं, त्याच घरात जिथे शेंगदाणा हे नावही आई हळू आवाजात घ्यायची.

एकाच छताखाली

पहिला तोडगा कुटुंबानेच काढला: आत्याच्या घरी नेऊन भरवायचं. मी विरोध केला नाही. तीनएक आठवडे ते चाललंही. मग आत्याला ताप आला, एकदा बाळ वाटेतच झोपलं, एका आठवड्यात एकदाच देणं झालं. जे घरच्या दिवसाच्या रहाटीत बसत नाही ते टिकत नाही, आणि इथे टिकणंच महत्त्वाचं होतं.

घरी आणायचं तर आईच्या भीतीचे तुकडे करून एकेक पाहावा लागणार होता. वासाने होईल का? तीव्र ॲलर्जी असलेल्या ३० मुलांना पीनट बटरचा वास देऊन आणि ते कातडीला लावून २००३ साली पाहिलं गेलं आहे. काहींच्या कातडीवर लागल्या जागी लाली आली, पण एकालाही अंगभर प्रतिक्रिया आली नाही. धोका असतो तो पोटात जाण्यात, आणि लहान मुलांच्या बाबतीत हात आणि तोंड यांत फार अंतर नसतं. म्हणजे राखायचे ते हात, चमचा, टेबल आणि बाळाचं लाळेरं. हात साबण आणि पाण्याने धुतले किंवा ओल्या वाइप्सने पुसले तर प्रथिन निघतं, नुसत्या सॅनिटायझरने जंतू मरतात पण शेंगदाणा हातावर राहतो. सॅनिटायझरची ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती, आणि मोठीच्या बालवाडीतही सगळा भर सॅनिटायझरवरच होता.

शेवटी जे ठरलं ते असं. ताई बालवाडीत गेल्यावर सकाळी बाबा भरवणार. एक लाल वाटी, एक लाल चमचा, एक लाळेरं, तिन्ही फक्त यासाठी. डबा वरच्या फळीवर, झाकण घट्ट. भरवून झाल्यावर बाळाचं तोंड आणि हात धुवायचे, कपडे बदलायचे, टेबल नेहमीच्या साफसफाईच्या द्रवाने पुसायचं. ताई दुपारी येईपर्यंत मधे बाळाचं एक-दोनदा दुसरं खाणंपिणं होतंच, त्यामुळे लाळेचाही प्रश्न उरत नाही. हे काम बाबांकडे जावं असा माझा आग्रह होता. आईला आणखी एक काम नको हे एक कारण. दुसरं असं की हाताने काम केल्याशिवाय बाबांना या घरातली ॲलर्जी नुसती ऐकूनच माहीत राहिली असती. पंधरा दिवसांत ते स्वतःहून पाकिटं उलटून वाचायला लागले.

एका मुद्द्यावर आमचा मतभेद झाला. आईबाबांचं म्हणणं होतं की ताईला यातलं काही कळू द्यायचं नाही. मला ते धोक्याचं वाटलं. या चार वर्षांच्या मुलीला घराने एक फार मोठी सवय लावली होती: हातात काही आलं की ती विचारायची, "यात शेंगदाणा आहे का?" ही सवय तिचं संरक्षण आहे, आणि ती मोठ्यांच्या खऱ्या उत्तरावर उभी आहे. घरातलेच लोक वरच्या फळीवरच्या डब्याबद्दल खोटं बोलतात हे तिला एक दिवस कळणारच होतं.

सांगितलं तेव्हा तिला हेवा वाटेल अशी आम्हा सगळ्यांची अटकळ होती. तिला भीती वाटली. "बाळाला नका देऊ, त्याला पण डॉक्टरकडे न्यायला लागेल," म्हणून ती रडली. आईने तिला जवळ घेऊन सांगितलं, "बाळाचं अंग शेंगदाण्याशी भांडत नाही. तुझं भांडतं. म्हणून तो त्याचा, तुझा नाही." ती हे लगेच समजली. पुढे घरी येणाऱ्या पाहुण्यांना तीच बजावू लागली की लाल चमचा बाळाचा आहे, त्याला हात लावायचा नाही.

आजी आणि पेन

बाळ आठ महिन्यांचं असताना एका वाढदिवसाला आजी नातीला घेऊन गेल्या. तोवर आजींचं प्रशिक्षण झालेलं होतं. सुई नसलेल्या सरावाच्या पेनाने त्यांनी स्वतःच्या मांडीवर पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं, आणि आमचा एका पानाचा कागद पिशवीत पेनांसोबत असायचा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की नुसत्या थोड्या गांधी किंवा खाज असेल तर अँटिहिस्टामिन (खाज आणि गांधी कमी करणारं औषध) द्या आणि लक्ष ठेवा. खोकला, घरघर, आवाज बसणं, जीभ सुजणं, मूल गळून जाणं यातलं काहीही दिसलं, किंवा त्वचेवर पुरळ आणि सोबत उलट्या अशी जोडी दिसली, तर आधी पेन, मग फोन.

बिस्किट दुसऱ्याच्या ताटलीतलं होतं. तिने विचारलं होतं, एका मोठ्या माणसाने "नाही गं, साधं बिस्किट आहे" म्हणून सांगितलं होतं. काही मिनिटांत ती "घशात टोचतंय" म्हणाली, मानेवर गांधी आल्या, उलटी झाली आणि कोरडा खोकला सुरू झाला. जमलेल्यांपैकी कुणी लिंबूपाणी द्या म्हणालं, कुणी आधी आईला फोन करा म्हणालं. आजींनी तिला आडवं केलं, कागद उघडला, खोकल्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि कपड्यावरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला पेन दाबला. ०.१५ मिलिग्रॅमचा, तिच्या सोळा किलो वजनाला जुळणारा. वेळ कागदावर लिहिली. मग रुग्णवाहिकेला फोन आणि त्यानंतर सुनेला. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा पेन द्यायचा होता, त्याची गरज लागली नाही. ती "बसायचंय" म्हणत होती, पण आजींनी उठू दिलं नाही. अशा वेळी मूल एकदम उभं राहिलं तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि श्वासाला त्रास होत असेल तरच टेकवून बसवायचं, हे त्यांच्या लक्षात होतं. रुग्णालयात काही तास देखरेखीखाली ठेवलं, कारण बरं वाटल्यावरही प्रतिक्रिया पुन्हा उसळू शकते.

घरी आल्यावर आईने पहिलं काम केलं ते म्हणजे बाळाचा डबा कचऱ्यात टाकला.

पुढच्या आठवड्यातली भेट या प्रकरणातली सगळ्यात अवघड होती. बिस्किटाचा आणि बाळाच्या चमच्याचा काही संबंध नाही हे आईला कळत होतं. "कळतं हो डॉक्टर, पण घरात तो डबा बघवत नाही." मी लगेच पुन्हा सुरू करा असा हट्ट धरला नाही. पण सोडूनही देता येत नव्हतं: बाळाच्या शरीराला नुकती सवय लागत होती आणि सातत्य तुटणं चांगलं नव्हतं. बाबा काही बोलेनात.

बोलल्या त्या आजी. त्या सुनेला म्हणाल्या, "त्या दिवशी बाहेरच्या घरात कुणाला काही माहीत नव्हतं म्हणून झालं. आपल्या घरात सगळ्यांना सगळं माहीत आहे. मला जमलं ना? मग त्याचं तोडू नकोस." जी बाई पाणी द्यायलाही विचारायची तिच्या तोंडून हे आलं याचं वजन मी कितीही आकडे सांगून आणू शकले नसते. आईने आठ दिवस मागितले. त्या आठ दिवसांत बाबा बाळाला पुन्हा आत्याकडे नेत राहिले, म्हणजे खंड पडलाच नाही. मग नवा डबा त्याच वरच्या फळीवर आला.

आजची स्थिती

बाळ आता दीड वर्षाचं आहे. दूध, नीट शिजवलेलं अंडं आणि शेंगदाणा तिन्ही खातं. अंडं आम्ही शेंगदाण्यानंतर महिन्याभरात सुरू केलं होतं, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. इसब थंडीत अजून डोकं वर काढतो, मलमांनी बसतो. शेंगदाण्याचं कूट लापशीत मिसळलेलं त्याला जास्त आवडतं, त्यामुळे लाल वाटीत आता कूट असतं आणि ते सांडतं जास्त. म्हणून टेबलाखालची जमीनही पुसण्याच्या यादीत आली आहे.

ताईची ॲलर्जी तशीच आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी साधारण पाचातल्या एका मुलाचीच मोठेपणी जाते, आणि तिच्या तपासण्यांत तशी चिन्हं अजून नाहीत. अंड्याचं चित्र बरं आहे, यंदा देखरेखीखाली उकडलेलं अंडं देऊन पाहणार आहोत.

तिच्यासाठी पुढचा विषय इम्युनोथेरपीचा आहे: काही मिलिग्रॅमपासून सुरुवात करून शेंगदाण्याचं मोजलेलं प्रमाण रोज द्यायचं आणि हळूहळू वाढवत न्यायचं. २०२२ साली एक ते चार वर्षांच्या आतल्या मुलांवरच्या एका चाचणीत उपचार चालू असताना ७१ टक्के मुलं मोठं प्रमाण पचवू शकली, पण उपचार थांबवून सहा महिन्यांनीही ते टिकलं ते २१ टक्क्यांत. आणि जितकं लहान वय तितका गुण चांगला. ती आता पाचची झाली आहे. उपचाराच्या काळात पोटदुखी, गांधी, क्वचित पेन वापरावा लागेल अशी प्रतिक्रियाही येऊ शकते, हे मी लपवलेलं नाही. बाबांना सुरू करायचं आहे. आई म्हणते की आधी मुलीला विचारू, ती 'नाही' म्हणाली तर सहा महिने थांबू. मुलीला चित्रांच्या मदतीने समजावण्यासाठी पुढची भेट ठेवली आहे, आणि त्या भेटीला आजींनाही बोलावलं आहे.